पाव इंचाला केसभर कमी

आमच्या साताऱ्याकडच्या घरात गोधडी कधी विकत आली नाही, आणि नव्या कापडाची तर कधीच नाही. आजीचं लुगडं विरलं, आजोबांचं धोतर फाटलं, की ते धुऊन माळ्यावरच्या गाठोड्यात जायचं. गाठोडं पुरेसं फुगलं की उन्हाळ्यात एखाद्या दुपारी सारवलेल्या अंगणात थर पसरले जायचे, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले जायचे आणि चार बाजूंनी चार बायका दाभण घेऊन बसायच्या. धावदोरा कडेने सुरू व्हायचा आणि फिरत फिरत मध्यावर यायचा. २०२३च्या फेब्रुवारीत मी आईला फोनवर सांगितलं, की दुकानातून वारावर कोरं कापड आणून, त्याचे तुकडे करून, ते पुन्हा जोडून मी गोधडी शिवतेय, तेव्हा ती जरा वेळ गप्पच राहिली.

"अगं, धड कापड कापायचं आणि परत जोडायचं? कुणासाठी एवढं?"

"शेजारच्या काकांसाठी. ते व्हिएतनामच्या लढाईत होते."

"मग शीव," ती म्हणाली. "पण कोरं कापड टोचतं हो अंगाला. आधी धू."

हे काका म्हणजे आमच्या डाव्या हाताचे शेजारी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइनजवळ, आम्ही ११ वर्षं राहतोय आणि या ११ हिवाळ्यांत आमच्या दारातला बर्फ बहुतेक वेळा त्यांनीच काढलाय. पहाटे पाचला त्यांचं यंत्र सुरू होतं. आधी स्वतःचं अंगण, मग आमचं, मग पलीकडच्या एकट्या राहणाऱ्या बाईंचं. माणूस इतक्या पहाटे का उठतो, असं मी एकदा काकूंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, उठत नाहीत, झोपलेलेच नसतात. गेली पन्नासेक वर्षं ते पलंगावर सलग झोपलेले नाहीत. बैठकीच्या खोलीत दाराकडे तोंड करून ठेवलेल्या आरामखुर्चीत डुलकी काढतात, तेवढीच झोप.

बाकीचं मला हळूहळू, काकूंकडूनच कळलं. १ डिसेंबर १९६९च्या रात्री अमेरिकेत टीव्हीवर सोडत काढली गेली. ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. ज्या क्रमाने तारखा निघतील त्या क्रमाने त्या तारखांना जन्मलेली मुलं सैन्यात जाणार. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. काकांची जन्मतारीख पहिल्या शंभरात आली. वडिलांच्या मक्याच्या शेतावर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा विशीतला पोरगा पुढच्या वर्षी व्हिएतनामला गेला आणि १२ महिन्यांनी एकटाच विमानात बसून परत आला. तुकडी एकत्र जाऊन एकत्र परतायची, असा प्रकार त्या युद्धात फारसा नव्हता. ज्याचे त्याचे १२ महिने भरले की तो निघायचा, मागे राहिलेल्यांना तिथेच सोडून. घरी जाताना वर्दी घालू नकोस, असं कुणीतरी त्यांना विमानतळावर सांगितलं. ते साध्या शर्टात घरी आले. वडिलांनी विचारलं, "जेवलास?" तेवढ्यावर तो विषय त्या घरात मिटला.

क्विल्ट ऑफ व्हॅलर, म्हणजे सैनिकांना सन्मानाने दिली जाणारी शौर्याची गोधडी, हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते आमच्या ग्रंथालयातल्या फळ्यावर. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी देशभर या कामासाठी लोक एकत्र बसून शिवतात, तसं आमच्याकडेही चर्चच्या तळघरात बसणार आहेत, शिलाई यंत्र असेल तर घेऊन या, नसेल तरी या, असं त्यावर लिहिलं होतं. मी गेले. खरं कारण सांगायचं तर त्या महिन्यात मुलगा कॉलेजला गेल्यावरची शांतता मला घरात बसू देत नव्हती. काका तेव्हा मनातही नव्हते.

तळघरात वीसेक बायका होत्या आणि तीन पुरुष. त्यातले दोघे इस्त्रीच्या टेबलावर. इस्त्रीच्या एका माणसाने मला पहिला धडा दिला. इस्त्री घासायची नाही, टेकवायची आणि उचलायची. घासली की जोडलेला तुकडा ताणला जातो आणि त्याचा चौकोन चौकोन राहत नाही.

चहापाण्याच्या वेळी गटप्रमुख बाईंनी या कामाची सुरुवात कशी झाली ते सांगितलं. २००३ साली डेलावेअर राज्यातल्या सीफर्ड गावच्या कॅथरिन रॉबर्ट्स यांचा मुलगा इराकमध्ये लष्करी गाडीवर बंदूक सांभाळणाऱ्या गनरच्या जागी होता. आई घरी रोज जीव मुठीत धरून. एकदा त्यांना अगदी खरं वाटावं असं स्वप्न पडलं, की एक तरुण मध्यरात्री पलंगाच्या कडेला पाठीत वाकून बसलाय, भकास. मग तोच तरुण गोधडी पांघरलेला दिसला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं बदललेलं होतं. त्यांनी ठरवलं, एक बाई वरचा थर जोडेल, दुसरी तिन्ही थर शिवेल, आणि गोधडी सैनिकाच्या हातात जाईल. पहिली गोधडी त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात मिनेसोटाच्या एका तरुण सैनिकाला मिळाली. इराकमध्ये त्याने पाय गमावला होता. तेव्हापासून ३ लाखांहून अधिक गोधड्या गेल्या आहेत. संस्थेचं मुख्यालय आमच्यापासून तासाभराच्या आत, विंटरसेट गावात आहे, हे ऐकून मला उगाचच आपल्या घरचं काहीतरी असल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी मी फक्त पट्ट्या कापल्या. निघताना गटप्रमुख बाई म्हणाल्या, "तुमच्या ओळखीत कुणी असेल तर नाव सुचवा." आणि जिना चढताना मला पहाटे पाचचं ते यंत्र ऐकू आलं.

काकूंना विचारून मी नाव दिलं. संस्थेच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा असतो. कोण, कुठल्या दलात, कधी. वाट पाहावी लागते, कारण नावं फार आणि हात कमी. गटप्रमुख बाई म्हणाल्या, तुम्हीच शिवा, आम्ही शिकवू. नवख्या माणसाने जाणत्याच्या शेजारी बसून पहिली गोधडी पुरी करायची, अशी पद्धतच या संस्थेत आहे. या पद्धतीचं नाव 'आमच्या पंखांखाली' अशा अर्थाचं आहे आणि ती विंटरसेटच्याच मेरीअ‍ॅन फॉन्स यांनी बसवली. मला ज्यांच्या पंखाखाली बसवलं त्या ७३ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. १९७०च्या मे महिन्यात आयोवा सिटीच्या विद्यापीठात युद्धाविरोधात मोर्चे निघाले, त्यांत त्या पुढे चालल्या होत्या.

मला हे विचारायचंच होतं, म्हणून मी विचारलं. ते युद्ध चुकीचं होतं असं मलाही वाटतं, मग हे आपण नेमकं कशाचं कौतुक करतोय?

त्या हातातला तुकडा खाली न ठेवता म्हणाल्या, "आम्ही तेव्हा युद्धाला नाही म्हणत होतो. त्याबद्दल मला आजही खंत नाही. पण माझ्याबरोबर वर्गात शिकलेली तीन मुलं तिथून परत आली आणि मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्याची आहे." मग त्यांनी मला पट्टी सरळ धरायला सांगितली.

नमुना साधा निवडला, करवतीच्या दातांचा तारा. मध्ये एक चौकोन, चार कोपऱ्यांत चार छोटे चौकोन, आणि चार बाजूंना चार 'उडते हंस'. हंस म्हणजे एका आयताच्या दोन कोपऱ्यांवर दोन चौकोन तिरके शिवून तयार होणारा त्रिकोण. इथे ऑक्टोबरात जंगली हंसांचे थवे दक्षिणेकडे जाताना अगदी याच आकारात डोक्यावरून जातात, त्यामुळे नाव लगेच पटलं. गोधडीला मापाचं बंधन आहे. लांबी-रुंदी किमान ५५ बाय ६५ इंच, जास्तीत जास्त ७२ बाय ९०. माझे तारे शिवून झाल्यावर १२ इंचांचे, पाचाच्या सहा रांगा म्हणजे ३०, भोवती चार इंचांची किनार, एकूण ६८ बाय ८०. तीस तारे म्हणजे १२० हंस. रंग लाल, पांढरा, निळा. त्यांची सक्ती नाही, पण बहुतेक जण हेच घेतात.

कापड मात्र चांगलं, शुद्ध सुती आणि नवंच हवं. तेव्हा दुकानात ते १२-१३ डॉलरला एक वार मिळायचं. अस्तरासकट मला १२ वार लागलं. इथे माझं मन थोडं अडलं. आपल्याकडे जुन्या कापडाचीच तर माया. बाळाच्या दुपट्यासाठी आजीची सगळ्यात विरलेली साडी राखून ठेवतो आपण. मी ते शिक्षिकाबाईंना सांगितलं. त्यांना ते फार आवडलं, पण त्या म्हणाल्या की ही गोधडी आपण ज्याला ओळखतही नाही अशा माणसाकडे जाते, तो ती ३० वर्षं धूत राहणार, त्याच्या हातात ती फाटता कामा नये. घरची गोधडी फाटली तर दुरुस्त करणारं माणूस घरातच असतं, याचं काय? मला तो मुद्दा पटला. पुढे जे झालं त्यामुळे तो अर्धाच खरा ठरला, ते शेवटी सांगते.

आता पाव इंच. कापायला पिझ्झाच्या चाकासारखं धारदार गोल पातं असतं, खाली रेघा आखलेली चटई, वर जाड पारदर्शक पट्टी. कापणं मला लवकर जमलं. शिवणं येत होतंच. घरी उषाचं पायाचं यंत्र होतं, ब्लाउज शिवत शिवतच मी मोठी झाले. त्या भरवशावर चार तारे दोन दिवसांत शिवले आणि पट्टी लावली. साडेबारा यायला हवे होते, सव्वाबारा आले. चारही.

ब्लाउजला शिवण अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) इकडे-तिकडे झाली तर अंग सांभाळून घेतं. इथे सांभाळणारं कुणी नाही. शिवणीत अर्ध्या सुताची चूक दोन्ही तुकड्यांतून जाते म्हणजे एक सूत, एका ताऱ्यात आडव्या दोन शिवणी म्हणजे दोन सूत, आणि पाच तारे शेजारी आले की सव्वा इंच. रांगेला रांग जुळणारच नाही. शिक्षिकाबाईंनी दीड इंचाच्या तीन पट्ट्या मला जोडायला लावल्या आणि मधली मोजली. ती बरोब्बर एक इंच भरायला हवी. माझी भरत नव्हती. शिवण मोजून पाव इंच घेतली तरी भरत नव्हती, कारण दोऱ्याची जाडी आणि कापड दुमडताना जाणारी केसभर जागा मी धरलीच नव्हती. म्हणून शिवण पाव इंचाला केसभर कमी घ्यायची. ते 'केसभर' प्रत्येक यंत्राचं, प्रत्येक हाताचं वेगळं. तीन संध्याकाळी मी फक्त पट्ट्या शिवल्या, मोजल्या, उसवल्या. चौथ्या संध्याकाळी मधली पट्टी एक इंच भरली. मग यंत्राच्या पाट्यावर मी तिथे एक चिकटपट्टी लावली, ती आजही तशीच आहे.

चारही तारे उसवले. उसवताना कापडाच्या कडा सुटतात, त्यामुळे दोन तारे वायाच गेले. त्यांचं कापड मी टाकलं नाही.

त्यानंतर काम वेगात आलं. दोरा न तोडता एकामागून एक जोड यंत्राखाली सरकवत जायचं. मागून ते गणपतीच्या पताकांच्या माळेसारखे बाहेर पडतात. रात्री जेवणं आटोपली की मी तळघरात जायची आणि दोन-तीन हात माळ काढायची. शिवण गडद कापडाच्या बाजूला दाबायची, म्हणजे पांढऱ्याखाली लाल दिसत नाही, आणि शेजारच्या तुकड्याची शिवण उलट बाजूला दाबायची, म्हणजे दोन शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि टोकाला टोक भिडतं. हे पहिल्यांदा बोटांना कळलं, तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. पुन्हा हात फिरवून बघ म्हटलं. त्यानेही फिरवला.

एप्रिलमध्ये एका रविवारी आम्ही विंटरसेटला गेलो. जॉन वेन या नटाचं जन्मगाव आणि छप्पर असलेले लाकडी पूल, यासाठी लोक तिथे जातात. मी गेले चौकातल्या आयोवा क्विल्ट म्युझियमसाठी. पूर्वी तिथे जे. सी. पेनी कंपनीचं दुकान होतं, २०१६पासून हे संग्रहालय आहे. जुन्या गोधड्यांपुढे मी बराच वेळ उभी राहिले. भिंतीवर टांगलेल्या गोधडीचं मला नेहमी वाईट वाटतं, मात्र त्याशिवाय तिचे टाके इतक्या जवळून पाहायला मिळाले नसते, हेही खरं.

मे अखेरीस वरचा थर पुरा झाला. आणि त्याच आठवड्यात काकूंनी काकांना सांगून टाकलं, कारण समारंभाला न्यायचं तर कधीतरी सांगावंच लागणार होतं.

काका संध्याकाळी आमच्या दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, "तुम्ही फार चांगल्या आहात. पण ती दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी काही केलं नाही. मी ट्रक दुरुस्त करत होतो. ज्यांनी खरं सोसलं त्यांना द्या."

मला काय बोलावं कळेना. एवढंच म्हणाले, "बरं."

त्या रात्री मामा आठवला. आईचा सख्खा भाऊ, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता, १९७१ला पूर्वेच्या आघाडीवर. सुटीवर आला की आजी गाठोड्यातली सगळ्यात मऊ वाकळ त्याच्यासाठी काढायची, ती दुसऱ्या कुणाला मिळायची नाही. तीच तिची बोलण्याची रीत असावी. निवृत्त होऊन गावी आल्यावर शाळेने त्याला २६ जानेवारीला झेंडावंदनाला बोलावलं. तो गेला नाही. शेजारच्या गावातल्या एका घराचं नाव सांगून म्हणाला, त्यांच्या म्हाताऱ्याला बोलवा, त्यांचा पोरगा आला नाही माघारी. आम्हाला तेव्हा वाटलं, मामा विनयाने बोलतोय. त्याला तसं वाटतच होतं, आणि आम्ही ते कधी ऐकून घेतलं नाही, हे मला सातासमुद्रापार, शेजारच्या माणसाने तेच शब्द उच्चारल्यावर कळलं. मामाला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

गटप्रमुख बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "जवळजवळ सगळेच हे म्हणतात," त्या म्हणाल्या. "ज्यांचा हात गेला ते म्हणतात, ज्याचा पाय गेला त्याला द्या. पाय गेलेले म्हणतात, जो परत आला नाही त्याला द्या." म्हणून संस्थेत गोधडी 'दिली' असं म्हणत नाहीत, 'प्रदान केली' म्हणतात. ती मदत नाही, आणि कोणी किती सोसलं याचं बक्षीसही नाही. त्यांनी मला काकांना एकच गोष्ट सांगायला सांगितली. मी ती जशीच्या तशी सांगितली. गोधडीच्या पाठीवर ज्याला ती मिळणार त्याचं नाव असलेली पट्टी शिवावी लागते, तुमच्या नावाची गोधडी दुसऱ्या कुणाला देता येत नाही, आणि त्या दुसऱ्या माणसासाठी दुसरी शिवली जाईल.

"त्याच्यासाठी दुसरी शिवाल?" काकांनी विचारलं.

"शिवू."

ते मान हलवून गेले. तो होकार होता की नकार, हे मला ऑक्टोबरपर्यंत नक्की कळलं नव्हतं.

तीन थर शिवायचं काम माझं नव्हतं. अमेरिकन घरांत बारा फुटी चौकटीवर बसवलेलं लाँगआर्म नावाचं यंत्र काहीजणींकडे असतं. कापड रुळांवर ताणलेलं राहतं, आणि यंत्रच हँडल धरून त्यावरून फिरवायचं. आमच्या गटातल्या एक निवृत्त परिचारिका हे काम पैसे न घेता करतात. त्यांनी मला दोन तास शेजारी उभं केलं. वर माझे तारे, मध्ये बॅटिंग म्हणजे कापसाचा पातळ थर, खाली अस्तर. यंत्र लाटांसारखी नक्षी काढत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलं आणि मागे गोधडी उमटत गेली. आजी चार बायकांसह तीन दुपारी जे करायची ते इथे एका सकाळी झालं. तरीही त्या बाई दर हातभर अंतरावर थांबून खालच्या बाजूला हात घालून अस्तराला चुणी पडली नाही ना, ते चाचपत होत्या. आजीही अगदी तसंच करायची.

मग गोट. अडीच इंचांच्या पट्ट्या जोडून, उभ्या दुमडून समोरून यंत्राने शिवायच्या आणि मागे वळवून हाताने हेम घालायची. कोपऱ्यावर तिरकी घडी. यंत्राने केली तरी चालते, पण मला गोधडीला हाताचा टाका हवाच होता. सुमारे २९६ इंच हेम मी नऊ रात्रींत घातली. चौथा कोपरा शेवटच्या रात्री एकच्या सुमारास झाला. डोळे मिटत होते, आणि तिथले टाके जरा लांब पडले, हे मला तेव्हाच दिसलं होतं. उद्या बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वेगळंच संकट आलं. गोधडी धुऊन द्यावी लागते. आईनेही आधी धू म्हटलं होतं, तेव्हा मी कापड धुतलं नाही, कारण इथे बऱ्याच जणी कोरंच शिवतात. रंग ओढून घेणारे कागद टाकून मी ती यंत्रात धुतली. बाहेर काढली तर कागद गुलाबी झाले होते आणि एका कोपऱ्यातल्या दोन पांढऱ्या ताऱ्यांवर लालसर झाक उतरली होती. मी तिथेच जमिनीवर बसले. मग शिक्षिकाबाईंना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ड्रायरमध्ये टाकू नका." उष्णतेने उतरलेला रंग पक्का बसतो. न्हाणीतल्या टबात खूप गरम पाणी, भांड्यांचा पातळ साबण, आणि गोधडी सगळी बुडेल अशी दाबून रात्रभर. पाण्यात पुरेशी मोकळी जागा असली आणि साबण असला की सुटलेला रंग पाण्यातच राहतो, पुन्हा कापडावर बसत नाही. सकाळी पाणी डाळिंबाच्या रसासारखं होतं. ते सोडून पुन्हा भरलं. तिसऱ्या पाण्याला पाणी स्वच्छ राहिलं आणि तारे पांढरे झाले. या सगळ्या गडबडीत चौथा कोपरा राहून गेला.

पाठीवरच्या पट्टीवर 'क्विल्ट ऑफ व्हॅलर' हे शब्द, काकांचं नाव, जोडणारी मी, शिवणाऱ्या परिचारिकाबाई, आणि आमच्या गावाचं नाव. सोबत उशीच्या अभ्र्यासारखी एक पिशवीही शिवायची असते, गोधडी घालून न्यायला. ती मी वाया गेलेल्या दोन ताऱ्यांच्या कापडातून शिवली.

नोव्हेंबरात एका शनिवारी, ११ तारखेला, म्हणजे इथल्या माजी सैनिक दिनी, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या सभागृहात तिघांना गोधड्या प्रदान झाल्या. घडीच्या खुर्च्या, मोठ्या भांड्यातली कॉफी, कुणीतरी केलेला भोपळ्याचा केक. काका आले होते. इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी नाही, बिल्ला नाही. गटप्रमुख बाईंनी तीन थरांचा अर्थ सांगितला, तो प्रत्येक ठिकाणी सांगतात. वरचा थर अनेक रंगांचा, अनेक आकारांचा, तो म्हणजे आपण सगळे. मधला थर ऊब, ती त्या माणसाला मिळो ही इच्छा. अस्तर म्हणजे आधार, त्याचा स्वतःचा आणि घरच्यांचा. आणि टाके ज्यांनी घातले त्यांची कृतज्ञता, कधी डोळ्यांतलं पाणीही. मी नऊ महिने फक्त मापं पाहिली होती. हे ऐकताना माझाच घसा दाटला.

दोघांनी गोधडी उघडून धरली, सगळ्यांना दाखवली, आणि मी आणि शिक्षिकाबाईंनी ती मागून काकांच्या खांद्यांवर घातली. व्हिएतनामहून आलेल्यांना या वेळी "वेलकम होम" म्हणतात. तेव्हा त्यांना ते कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून. शिक्षिकाबाई वाकून त्यांच्या कानाशी ते म्हणाल्या, आणि त्यांचा हात काकांच्या खांद्यावरून बराच वेळ निघाला नाही. काका काही बोलले नाहीत. त्यांनी गोधडीची कड हनुवटीपाशी ओढून घेतली आणि अंगठ्याने शिवण चाचपत राहिले, सुट्या भागाची कड चाचपावी तशी. गाडीत बसताना मला म्हणाले, "टोकं सगळी जुळलीत."

महिनाभर ती गोधडी पिशवीत घालून त्यांनी कपाटात ठेवली होती. वापरायला फार चांगली आहे, असं म्हणत होते. काकूंनी मला हळूच सांगितलं. मी दिवाळीच्या उरलेल्या चकल्या घेऊन गेले आणि त्यांना आमच्या गाठोड्याची गोष्ट सांगितली. आमच्याकडे गोधडी वापरून वापरून विरली की तिच्यावर दुसरी गोधडी घालतात, ती पहिली आत थर म्हणून राहते, टाकत कुणीच नाही. ते ऐकत होते. हो-नाही काही म्हणाले नाहीत.

जानेवारीच्या मध्यात इथे पारा शून्याच्या खूप खाली गेला होता. त्या आठवड्यात एका दुपारी बेल वाजली. दारात काका, काखेत ती पिशवी.

"एका कोपऱ्यात उसवलीय," ते म्हणाले. "मी खुर्चीत पाय वर घेतो ना, तिथे टाच घासते. मीच सुई घेणार होतो, पण हे काम तुमचं आहे."

चौथा कोपरा. गोट वीतभर सुटला होता, लांब पडलेले सगळे टाके. कापडाला मऊपणा आला होता, कॉफीचा एक डाग होता आणि त्यांच्या कुत्र्याचे पांढरे केस. मी त्यांना सांगितलं की हा कोपरा मी झोपेत घातला होता, चूक माझी आहे.

"किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं. बसा, चहा ठेवते."

मी सुईत दोरा ओवला. त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची थोडी वळवून घेतली, दार दिसेल अशी, आणि गोधडीचं दुसरं टोक मांडीवर ओढून बसले.